किमान आकाराचा नियम डोल जाळ्याला लावायचा तरी कसा?

वलांडी (प्रश्न)

नमस्कार. मी वसईच्या उत्तरेकडील एका कोळीवाड्यात राहतो. घरची एक बोट आहे आणि तीन पिढ्यांपासून आमची डोलीची मासेमारी आहे. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकार ठरवून दिला. त्यात पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर असे आकडे आहेत. तो तक्ता आमच्या सोसायटीत भिंतीवर लावलेला आहे आणि मी तो अनेकदा वाचला आहे. लहान मासा वाढू द्यावा, एकदा तरी विऊ द्यावा, याबद्दल माझे दुमत नाही. वडिलांच्या काळी एका पाण्याला (म्हणजे प्रवाहाच्या एका फेरीला) जेवढा बोंबील मिळे, तेवढ्यासाठी आज मला दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतात, त्यामुळे दर्या रिता होत चालला आहे हे मला कोणी पटवून देण्याची गरज नाही. माझी अडचण जाळ्याची आहे.

ज्यांनी डोल पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. समुद्रात रोवलेल्या खुंटांना हे जाळे बांधतात, त्याचे तोंड प्रवाहाकडे असते आणि पाण्याची ओढ जे घेऊन येईल ते आत शिरते. तोंडाकडचे आस, म्हणजे जाळ्याची भोके, मोठे असतात, मागे ते लहान होत जातात आणि शेवटच्या खोल्यात, म्हणजे टोकाच्या पिशवीत, इतके बारीक होतात की त्यातून जवळाही निसटू नये. पाणी मंदावले की आम्ही खोला वर ओढतो, गाठ सोडतो आणि सगळा माल बोटीत ओततो. बोंबील, मांदेली, वाकटी, करंदी, जवळा असे सगळे एकत्र पडते आणि त्या ढिगात काही महिन्यांत पापलेटची पिल्ले चमकताना दिसतात, कधी रुपयाएवढी, कधी अर्ध्या तळहाताएवढी. ती वेचून परत पाण्यात टाकण्यात अर्थ नसतो, कारण तासन्‌तास प्रवाहाच्या दाबाखाली चेंगरून ती केव्हाच मेलेली असतात.

खोल्याचा आस मोठा करावा, असे काही जण सुचवतात. तसे केले तर जवळा आणि करंदी हातची जाते, आणि जवळ्यावर आमच्या घरातल्या बायकांची वर्षभराची वाळवणाची कमाई उभी आहे. मग नियम पाळायचा म्हणजे आम्ही नेमके काय करायचे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सातपाटीकर

दादा, तुम्ही प्रश्न सरळपणे मांडलात म्हणून मीही सरळ लिहितो. तुमच्या खोल्यात मरणारे पिल्लू हे माझ्या पुढच्या हंगामाचे पापलेट असते.

आमच्या दालदा जाळ्याचा आस मोठा असतो. पुरेसा वाढलेला मासा डोके घालतो आणि अडकतो, लहान मासा आरपार निघून जातो. बंदरावर पापलेट आले की त्याची वजनाप्रमाणे प्रतवारी होते आणि वरच्या प्रतीचा व खालच्या प्रतीचा भाव यांत इतके अंतर असते की एका मोठ्या माशाच्या किमतीत लहान माशांची अख्खी टोपली येते. वरच्या प्रतीचा ढीग हंगामागून हंगाम लहान होत गेलेला आम्ही याच डोळ्यांनी पाहिला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने पापलेटला राज्यमासा घोषित केले, त्यामागे आमच्या भागातील मच्छीमारांची अनेक वर्षांची मागणी होती. या मागणीत मानाचा भाग थोडा होता. नाव मिळाले की संरक्षणही मिळेल, ही खरी आशा होती.

तुमच्या-आमच्या भागांतला कव मारण्याचा, म्हणजे डोलीसाठी खुंट रोवून जागा धरण्याचा, वाद तुम्हाला माहीत असेलच. वसई, उत्तन भागांतल्या डोलकरांनी उत्तरेला सरकत आमच्या समोरच्या पाण्यात खुंट रोवले आणि आमची जाळी सोडण्याची जागा आक्रसत गेली, ही आमच्या लोकांची जुनी तक्रार आहे. गेल्या चार दशकांत त्यावर किती बैठका झाल्या असतील याची गणती नाही. मला तो वाद इथे उकरून काढायचा नाही. पण डोलीचा प्रश्न केवळ आसाचा नाही, ती कुठे लावली आहे याचाही आहे. ज्या पाण्यात पिल्ले वाढतात त्याच पाण्यात खुंट असतील, तर भिंतीवरच्या तक्त्यातील मिलिमीटर कोणाला वाचवणार आहेत?

आणखी एक गोष्ट मनात सलते. डहाणूजवळ वाढवण येथे ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. त्यामुळे उत्तरेकडे उरलेली जागाही कमी होईल, आणि तुमच्या व आमच्या बोटी एकमेकांच्या आणखी जवळ येतील.

रापणकर_मालवण

मी सिंधुदुर्गातला आहे. आमच्याकडे डोल नाही, त्यामुळे वसईच्या दादांच्या तांत्रिक प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. मात्र एक फरक नोंदवावासा वाटतो. रापण किनाऱ्यावर ओढली जाते तेव्हा शेवटच्या क्षणापर्यंत मासा जिवंत असतो. ओढणाऱ्यांनी मनावर घेतले तर लहान बांगडा किंवा सुरमईचे पिल्लू घोटाभर पाण्यातच सोडून देता येते, आणि आमच्या रापण संघातील जुनी माणसे तसे करायला लावत असत. म्हणजे किमान आकाराचा हाच नियम आमच्या जाळ्याला पाळता येण्यासारखा आहे आणि तुमच्या जाळ्याला नाही. एकाच राज्याच्या दोन टोकांना एकच तक्ता टांगला की असे होते.

आमचे दुखणे वेगळे आहे. पर्ससीन, म्हणजे थव्याला वेढा घालणारे मोठे जाळे, याबाबत डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ चा आदेश निघाला. त्यात पर्ससीनचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला गेला आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणण्याचे ठरले. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, आणि २०२१ मध्ये राज्याचा कायदा सुधारून अशा मासेमारीसाठी ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत दंड ठेवला गेला. कागदावर यापेक्षा अधिक काय मागावे? तरीही थंडीच्या रात्री आमच्या किनाऱ्यावर उभे राहिले की क्षितिजावर गावच्या जत्रेसारखा उजेड दिसतो. कर्नाटकातील वेगवान ट्रॉलर आत येतात, गस्ती नौका पोहोचेपर्यंत निघून जातात आणि पहाटे आमचा माणूस फाटलेली जाळी गोळा करत बसतो. माझ्या चुलतभावाने अशी तक्रार एका कार्यालयात दिली. घटना नेमकी किती वावांवर (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट खोली) घडली याचा पुरावा आणा, असे त्याला सांगण्यात आले. ज्याच्या होडीवर साधा दिवाही धड नाही, त्याने तो पुरावा कुठून आणावा?

वसईच्या दादांनी नियम पाळू नये, असे मी म्हणत नाही. लहान मच्छीमार स्वतःहून जी शिस्त पाळतो तिचे फळ दुसराच कोणीतरी एका रात्रीत उचलून नेतो, हे एकदा पाहिले की शिस्त पाळणाऱ्याचे मन खचते, एवढेच मला सांगायचे आहे.

जुना_मत्स्यशिक्षक

मी मत्स्यशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. वरील तिन्ही अनुभव मला एकाच गोष्टीकडे नेतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम भूगोल पाहू. मुंबईजवळ उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो आणि उत्तरेला खंभातच्या आखाताकडे तो वाढतच जातो, तर गोव्याकडे तो दोन मीटरच्या आसपास असतो. पाण्याला ओढ असेल तरच डोल भरते, म्हणून हे जाळे उत्तर कोकणात रुजले आणि मालवणला रुजले नाही. बोंबीलही रत्नागिरीच्या दक्षिणेला क्वचितच सापडतो. उत्तरेला उथळ समुद्र दूरवर पसरलेला आहे, दक्षिणेला पाणी लवकर खोल होते. माशांच्या जाती वेगळ्या, त्यांच्यासाठी घडलेली जाळी वेगळी, आणि त्या जाळ्यांतून होणारी हानीही वेगळी. आपल्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली ट्रॉलला, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्याला, कुठे ५ वाव तर कुठे १० वाव पाण्याच्या आत बंदी आहे, म्हणजे जागेप्रमाणे नियम बदलावा लागतो हे तेव्हा लक्षात घेतले गेले होते. किमान आकाराच्या तक्त्यात मात्र जाळे आणि जागा या दोन्हींचा विचार नाही. केरळने २०१५ मध्ये हा मार्ग प्रथम स्वीकारला. तिथला माल प्रामुख्याने तारली, बांगडा अशा थव्याने फिरणाऱ्या माशांचा असतो आणि वेढा टाकण्यापूर्वी थवा पाहून निर्णय घेता येतो. डोलकराला तसा निर्णय घेण्याची वेळच मिळत नाही.

आता आसाच्या प्रश्नाकडे येतो. खोल्याचा आस मोठा केला तर पापलेटची पिल्ले सुटतील, असे सर्रास गृहीत धरले जाते. कृपया त्या माशांची शरीरे डोळ्यांसमोर आणा. बोंबील लांब, मऊ आणि निमुळता असतो, मांदेली बारीक असते आणि जवळा तर दोन-तीन सेंटिमीटरचा. पापलेटचे पिल्लू लांबीला कमी असले तरी उंचीला भरपूर असते, जवळजवळ चौकोनी. ज्या आसातून हे पिल्लू मोकळे होईल, त्या आसातून जवळा तर जाईलच, मांदेली जाईल आणि बोंबीलही बऱ्याच अंशी निसटेल. म्हणजे पापलेट सुटण्याच्या आधी डोलकराचे सगळे उत्पन्न सुटलेले असेल. ट्रॉलच्या शेवटच्या टोकाला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस सांगितला जातो, आणि त्यामागे शास्त्र आहे, कारण नेहमीचा शंकरपाळ्यासारखा आस ओढ बसली की मिटतो आणि चौकोनी आस उघडा राहतो. तो उपाय ट्रॉलसाठी योग्य आहे. तोच उचलून डोलीला लावणे म्हणजे डोल बंद करणे होय, आणि तसे करायचे असेल तर तसे स्पष्ट म्हणावे.

माझे मत असे की डोलीसाठी आकाराचा नियम हे चुकीचे हत्यार आहे. मासा बोटीत आल्यावर, मेल्यानंतर, बंदरावर फूटपट्टीने मोजून एकही पिल्लू वाचत नाही. वाचवायचे असेल तर पिल्ले ज्या पाण्यात आणि ज्या पंधरवड्यांत दाट असतात, त्या पाण्यात त्या पंधरवड्यांत डोल लावायची नाही, हाच उपाय परिणामकारक ठरेल. जून आणि जुलै हे ६१ दिवस आपण बोटी बंद ठेवतोच. २०१५ पूर्वी केंद्राची ही बंदी ४७ दिवसांची होती. तो काळ विणीच्या हंगामासाठी उपयुक्त आहे, परंतु पिल्ले डोलीत येतात ते महिने त्याच्या बाहेरही पडतात. सातपाटीच्या बंधूंनी जागेचा मुद्दा काढला तो म्हणूनच महत्त्वाचा आहे. संपूर्ण किनाऱ्यावर आणखी महिनाभर बंदी घालण्यापेक्षा ठराविक कव ठराविक दिवस रिकामे ठेवणे डोलकराला सोसण्यासारखे आहे आणि पापलेटला अधिक उपयोगी आहे.

असे दिवस कोणाला तरी अंगावर घ्यावे लागतील, आणि त्याची भरपाई मिळालीच पाहिजे. यासाठी आपल्याकडे एक चांगले उदाहरण आहे. जाळ्यात देवमासा, बहिरी मासा (व्हेल शार्क) किंवा कासव अडकले आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यात २०१८ च्या अखेरीपासून आहे. या योजनेत नुकसान मच्छीमाराच्या माथी मारलेले नाही, म्हणून लोक स्वतःहून छायाचित्रे पाठवतात. एप्रिल २०२५ मध्ये मासेमारीला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय झाला आहे, तेव्हा पडीक ठेवलेल्या पाण्यासाठी मदत मागणे यापुढे अवाजवी ठरू नये.

राहिला सीमांचा प्रश्न. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते आणि त्यापुढची केंद्राच्या. पापलेट या रेषा ओलांडून गुजरातच्या पाण्यात जातो आणि परत येतो. आपण पापलेटला राज्यमासा केले, त्याच वर्षी गुजरातने घोळीला राज्यमासा केले. दोन्ही मासे दोन्ही राज्यांच्या जाळ्यांत सापडतात. गुजरातच्या सीमेवरील झाईच्या अलीकडे कव रिकामे ठेवायचे आणि पलीकडे त्याच दिवसांत जाळी भरायची, असे झाले तर मालवणच्या बंधूंनी सांगितलेली खंत इथेही ऐकू येईल. म्हणून दिवस ठरवताना दोन्ही राज्यांचे मत्स्यव्यवसाय विभाग एकत्र बसणे अपरिहार्य आहे, आणि मला विचाराल तर या सर्व कामातील सर्वांत अवघड भाग तोच आहे.

पाटीवाली

मी मुंबईच्या एका बाजारात सव्वीस वर्षे मासे विकते. सरांनी लिहिलेले पटले, पण ग्राहकाला कोणी प्रश्न विचारत नाही याचे मला नेहमी वाईट वाटते. लहान पापलेट अख्खे तळून ताटात मावते, म्हणून हॉटेलवाले तेच मागतात. घरगुती ग्राहकही मोठ्या पापलेटचा भाव ऐकून वाट्यातल्या लहान माशांकडे वळतो. मी २०२३ पासून पाटीत फूटपट्टी ठेवते आणि ज्यांना वेळ असेल त्यांना मासा मोजून दाखवते. १३५ मिलिमीटर म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. त्याहून लहान पापलेट मी घेत नाही, परंतु माझ्या शेजारच्या दोघी घेतात आणि त्यांचा माल माझ्याआधी संपतो. त्यांना मी दोष देत नाही, कारण त्यांनाही संध्याकाळी व्यापाऱ्याचे पैसे चुकते करायचे असतात. डोलकर दादांचा माल मेलेलाच येतो हे खरे असले, तरी त्या पिल्लांना भाव आहे म्हणूनच खुंट तिथे राहतात, हेही तितकेच खरे आहे. बाजारात भाव मिळाला नाही, तर ते पाणी सोडणे कोणालाही जड जाणार नाही.

वलांडी

सर्वांचे मनापासून आभार. सातपाटीच्या दादांचे शब्द आधी लागले, परंतु ते खोटे नाहीत. ताईंनी लिहिलेले तर मला स्वतःविषयीच वाटले. पिल्लांचे जे चार पैसे येतात ते आम्ही डिझेलच्या खर्चात धरतो, त्यामुळे ती नकळत आली असे मला यापुढे म्हणता येणार नाही.

सरांचा मुद्दा मी काल घरी आणि बोटीवर वाचून दाखवला. आमचे तांडेल काका साठीचे आहेत. ते म्हणाले की पिल्ले कोणत्या कवावर आणि कोणत्या उधाणाला जास्त येतात हे त्यांना ठाऊक आहे, फक्त आजवर ते त्यांना कोणी विचारले नाही. आम्ही तारखेवर जात नाही, तिथीवर जातो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात असते, भांगाला, म्हणजे ओढ मंद असते त्या दिवसांत, बोट बहुधा बंदरातच असते. काकांच्या मते काही विशिष्ट उधाणे सोडली आणि किनाऱ्याच्या बाजूचे काही कव रिकामे ठेवले, तर बोंबलाचे फारसे नुकसान न होता बरीच पिल्ले वाचतील. मात्र ही त्यांच्या डोक्यातली गोष्ट आहे. सोसायटीच्या सभेत ती मांडली तर दुसरा तांडेल दुसरेच सांगेल, आणि कार्यालयात नेली तर मालवणच्या दादांच्या भावाला मिळाले तेच उत्तर मिळेल.

म्हणून एक वही घातली आहे. प्रत्येक पाण्याला तिथी, वेळ, कव, किती वाव पाणी, एकूण माल किती टोपल्या आणि त्यातल्या एका टोपलीत पापलेटची पिल्ले किती, एवढे रकाने आखले आहेत. मोजणी माझी मुलगी करणार आहे, ती अकरावीला आहे आणि बंदरावर माल निवडताना आईसोबत बसते. आमच्या गावातील आणखी दोन बोटींनी अशीच वही ठेवण्याचे कबूल केले आहे. आणखी एखादा रकाना हवा असेल तर हे उधाण सुरू होण्यापूर्वी सांगावे.

जुना_मत्स्यशिक्षक

पिल्लांची लांबी लिहावी, नुसती संख्या पुरेशी नाही. टोपलीतील पहिली वीस पिल्ले न निवडता उचलावीत आणि थोबाडापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजावीत. त्यांच्या लांबीवरून ती साधारण केव्हा जन्मली याचा अंदाज बांधता येतो. ज्या पाण्याला एकही पिल्लू आले नाही त्याचीही शून्य म्हणून नोंद करावी, रकाना रिकामा ठेवू नये. पिल्ले कधी येत नाहीत हे कळले तरच बाकीचे दिवस तुम्हाला निर्धास्तपणे मोकळे मागता येतील.

सातपाटीकर

दादा, तुमचे कव आहेत त्यांच्या पश्चिमेला आमची जाळी असतात. अशीच एक वही मी आमच्या बोटीवर ठेवतो. तिथी आणि वाव तुमच्याप्रमाणेच लिहीन, म्हणजे दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचता येतील. पहिली दोन उधाणे झाली की तुम्ही सातपाटीला या, किंवा मी तुमच्याकडे येतो.